शब्दाला चेहरा

“शब्दाला चेहरा द्या. ओळखीच्या माणसाचा द्या. चेहरा नसला की शब्द परीक्षेच्या सकाळीच घर सोडून जातो.”

सुषमा मॅडमचं हे बोलणं रुचिकाच्या कानात अजून आहे, आणि त्यांच्याच आवाजात आहे. मॅडम कधी ओरडत नसत. फळ्याकडे तोंड करून, खडूची धूळ फुंकत, देवळात बोलावं तसं हळू बोलत. मागच्या बाकावर ऐकू जायचं, कारण त्या बोलायला लागल्या की वर्ग गप्प व्हायचा.

डहाणू रोडच्या स्टेशनापासून थोडं आत ते कनिष्ठ महाविद्यालय. बारावीला इंग्रजी साहित्य घेतलेली मुलं मूठभर, आणि त्यातली बहुतेक पूर्वेकडच्या पाड्यांवरची. कोणी गंजाडचं, कोणी रानशेतचं, उमेश तर थेट तलासरीकडून यायचा. दहावीपर्यंत सगळे मराठीतून शिकलेले. साहित्याच्या पुस्तकात एका पानावर इतके शब्द अडायचे की पान संपेपर्यंत गोष्ट हातातून सुटायची. डिक्शनरी होती, पण डिक्शनरीत एका अडलेल्या शब्दाशेजारी दुसरा अडलेला शब्द बसलेला असायचा.

म्हणून मॅडमनी वर्गाची मागची भिंत रिकामी करून घेतली. रोज नवे कठीण शब्द. प्रत्येक शब्दाखाली एका खऱ्या माणसाचा फोटो, आणि ज्याने फोटो आणला त्याने उभं राहून इंग्रजीत तीन वाक्यं बोलायची. ‘गॅरुलस’खाली एसटी डेपोतले कंट्रोलर आले, जे गाडी सुटली तरी बोलत राहत, प्रवाशाला सोडत नसत. ‘गलिबल’खाली पांड्या आला, ज्याला गावातली पोरं अमावस्येला मासे जास्त स्वस्त असतात असं सांगून बाजारात पाठवत. वर्ग हसायचा. हसलेला शब्द विसरला जात नाही.

पद्धत वाईट होती असं कोणी म्हणू नये. शब्द लागत होते. जी मुलं इंग्रजीच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसायची ती जिन्यात उभी राहून ‘थ्रिफ्टी’ आणि ‘मायझर’ यांत फरक काय यावर भांडू लागली होती. शेजारच्या वर्गाला हेवा वाटायचा. फक्त एक होतं, की भिंतीवर चांगल्या शब्दांखाली स्टेशनाजवळच्या बंगल्यातली माणसं येत आणि बाकीच्या शब्दांखाली पाड्यावरची. असं व्हावं हे कोणी ठरवलं नव्हतं. मुलांच्या ओळखी पाड्यावरच होत्या, आणि रोजच्या शब्दांत चांगले कमीच असत.

रुचिका या सगळ्यात पुढे होती. तिला शब्द पटकन बसायचा, नुसता अर्थ नाही, त्याची नेमकी छटा. आणि तिला पुढे असणं भाग होतं. मुंबईची एक संस्था दर वर्षी या वर्गातल्या एकाला निवडायची. मुंबईच्या कॉलेजात इंग्रजीचं बी.ए., राहणं-खाणं संस्थेच्या वसतिगृहात. जागा एकच. ती मिळाली नाही तर काय, हे रुचिकाला कोणी सांगायला नको होतं. बाप वेरावळच्या बोटीवर खलाशी, पावसाळ्यापुरता घरी येणारा. आई चिकूच्या वाडीत चिकू धुवायला, निवडायला. तिच्या बरोबरीच्या मुली बोईसरला पॅकिंगला लागल्या होत्या. त्यांतली एखादी रविवारी भेटली तर म्हणायची, “ये गं, उभं राहायचं काम हाय, डोकं नाय लागत.”

ती जागा मिळावी म्हणून जमनाने, रुचिकाच्या आईने, गेल्या चैत्रात चारोटीजवळच्या महालक्ष्मीच्या यात्रेत नवस बोलला होता. पोरीला मुंबईला जागा मिळेपर्यंत केसाला तेल नाही, फणी नाही, पायात चप्पल नाही. रुचिका शेजारी उभी होती. देवळाच्या पायरीवर आईचा अंबाडा तिनेच सोडला होता, आतली काळी पिन काढून स्वतःच्या केसांत खोवली होती.

“फेडायच्या दिवशी तेल तू घालायचं,” जमना म्हणाली होती. “ज्याच्यासाठी बोलतात त्याच्याच हाताचं लागतं.”

“घालीन ना. जुईच्या वासाचं आणीन.”

“वासाचं नको. आपलं साधं खोबऱ्याचं.”

नवस ज्यांनी केलेत त्यांना ठाऊक असतं की बोललेल्या अटींखाली काही न बोललेल्या अटी असतात. नवस अंगावर असताना कोणाचं वाईट चिंतायचं नाही, ताटातलं टाकायचं नाही, तोंडातून खोटं जाऊ द्यायचं नाही. जमना हे सगळं पाळत होती. वाडीत उन्हाळ्यात जमीन तापायची, पावसात चिखलाने बोटांच्या बेचक्या कुजायच्या. केसांच्या जटा झाल्या. डोकं खाजायचं तेव्हा ती नुसत्या पाण्याने धुवायची आणि म्हणायची, “तिला दिसतं बाय. तेवढ्यासाठीच तर असतं.”

माघ लागला तेव्हा संस्थेच्या दक्षाबेन पालक मेळाव्याला येणार असं कळलं. त्या भिंत बघणार, मुलांना ऐकणार आणि तिथेच नाव सांगणार. मॅडमनी शेवटचे शब्द वाटून दिले. रुचिकाच्या वाट्याला ‘स्लॉव्हन्ली’ आला.

“आळसाने, बेपर्वाईने गबाळं राहणारं माणूस,” मॅडम म्हणाल्या. “डिशेव्हल्डशी गल्लत करू नका. डिशेव्हल्ड म्हणजे वाऱ्याने केस विस्कटले. दोष वाऱ्याचा. स्लॉव्हन्लीत दोष माणसाचा असतो. परीक्षक नेमकं इथे बघतो.”

रुचिकाने दुसऱ्या दिवशी चैत्याचा फोटो आणला. चैत्या हायवेच्या ढाब्यावर भांडी घासायचा, बनियनला काजळी आणि तेल.

मॅडमनी फोटो उजेडात धरला. “हा कामाने मळलाय. काम संपलं की आंघोळ करेल. हा स्लॉव्हन्ली नाही, रुचिका. तुझ्याकडून ही चूक मला नको होती.” मग आणखी हळू, “बाहेरच्या माणसाकडे आपण नीट बघत नाही. घरात शोध. शब्द घरात सापडतात.”

मागून उमेश म्हणाला, “माझ्या घरी ये. आमच्याकडे सगळी डिक्शनरी राहते.”

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. उमेशवर त्यांचा आधीच राग होता. त्याला ‘ऑब्सीक्वियस’ आला होता, म्हणजे पुढेपुढे करणारा, लाळघोट्या. त्याने त्याखाली स्वतःचाच फोटो लावला होता, मॅडमच्या टेबलासमोर हात जोडून उभा असलेला. इंग्रजी तीन वाक्यं बिनचूक बोलला होता. ती जागा रुचिकाला नाही तर उमेशला, हे सगळ्यांना माहीत होतं, त्या दोघांना तर होतंच.

त्या संध्याकाळी रुचिका वाडीवर गेली. जमना टोपल्या पालथ्या घालून त्यावर बसली होती, पाय पसरून. चिकूचा चीक हातांवर वाळून काळा झाला होता. सुकी, शेजारच्या घरातली, तिच्याशेजारी बिडी विझवत होती.

“कॉलेजात फोटो लावायचाय,” रुचिकाने मोबाइल काढला.

“माझा?” जमनाने आधी सुकीकडे बघितलं. “ऐकलंस का, भिंतीवर लावतात म्हणे.”

“लाव बाय लाव,” सुकी म्हणाली. “आमचं मेल्यावरच लावतील.”

जमनाने पदर डोक्यावर घेतला. “केस जरा बांधून घेऊ? बांधायला नाय मनाई. फणीला हाय.”

“नको,” रुचिका म्हणाली. “आहेत तसे राहू दे.”

“सगळे बघतील ना गं.”

“तसेच पाहिजेत. पदर पण काढ.”

जमनाने पदर खाली घेतला. पोरीला नवस दाखवायचाय, असं तिला वाटलं. तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. ती सरळ बसली, पाय जवळ घेतले, भेगांवरचा चिखल अंगठ्याने खरवडू लागली.

“पाय पण तसेच. हलू नको.”

फोटो चांगला आला. उजेड बाजूने पडला होता आणि प्रत्येक जट वेगळी दिसत होती. रुचिकाने तो पुन्हा पुन्हा बघितला. घरी जाताना एकदा तिला वाटलं होतं की मॅडमना सांगावं, दुसरा शब्द द्या. सांगितलं असतं तर मॅडमनी दिलाही असता, आणि मेळाव्यात तिच्या वाट्याला एखादा सोपा शब्द आला असता. दक्षाबेनना सोपा शब्द ऐकून काय वाटलं असतं? ती तिथेच थांबली. त्यापुढे तिने विचार केला नाही.

मॅडमनी फोटो बराच वेळ बघितला.

“हां. आता शब्द बसला. कोण आहेत?”

“आई.”

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत खरं कौतुक होतं, ते रुचिकाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मिळालं. “धीट आहेस. साहित्याला असंच काळीज लागतं. घरच्यांकडे परक्यासारखं बघता यायला हवं.”

केस असे का, हे त्यांनी विचारलं नाही. स्टेशनाजवळच्या दुकानातून फोटोची मोठी प्रत काढून आणली, जाड पुठ्ठ्यावर चिकटवली. खाली छापील अक्षरांत शब्द, आणि त्याखाली बारीक अक्षरांत अर्थ, तोही इंग्रजीत.

उमेश भिंतीसमोर उभा होता. बराच वेळ उभा होता.

“स्वतःची आयस लावलीस होय.”

“तू स्वतःलाच लावलंस की.”

“मी मला विचारून लावला,” उमेश म्हणाला. “तू तिला विचारलंस?”

“तिला फोटो माहीत आहे.”

“फोटो नाय म्हणत मी.”

“जागा पाहिजे म्हणून बोलतोयस,” रुचिका म्हणाली.

“हां, पाहिजेच. तुला नको का?” त्याने खिशातून शेंगा काढून दोन तिच्या हातावर ठेवल्या आणि गेला. ती तिथेच उभी राहून शेंगा सोलत राहिली. त्याचं बोलणं हेव्याचं आहे असं तिने मनाशी ठरवलं, आणि ठरवल्यावर ते सोपं झालं.

मेळाव्याच्या दिवशी जमनाने सुकीची हिरवी साडी मागून आणली. पदर डोक्यावरून घट्ट घेतला. शेअर जीपमध्ये ती खिडकीशी बसली आणि गंजाड येईपर्यंत तिने शेजारच्या अनोळखी बाईला सांगून टाकलं होतं की माझा फोटो कॉलेजात लावलाय. रुचिका पुढच्या सीटवर ड्रायव्हरजवळ बसली होती. तिला पदराचं समाधान वाटत होतं.

वर्गात खुर्च्या लावल्या होत्या. पालक कमीच आले होते. जमना भिंतीशी गेली, आपल्या फोटोपुढे उभी राहिली आणि नमस्कार करावा तसे हात अर्धे वर नेऊन थांबली. मग हसली. “केवढी मोठी केली मला.”

दक्षाबेन आल्या. पांढरी सुती साडी, हातात एक-एक बांगडी, आवाज मऊ. मूळच्या इथल्याच, चिकूच्या वाडीवाल्या घरातल्या, लग्न होऊन मुंबईला गेलेल्या. भिंतीजवळ येताच त्यांची पावलं एका फोटोपाशी अडली. त्यांच्या आईचा फोटो होता. वर शब्द होता ‘ऑस्टीअर’. म्हणजे सुख हातात असून ते समजून-उमजून सोडणारं माणूस. तो फोटो मॅडमनी स्वतः लावला होता.

“आमच्या बा,” दक्षाबेन म्हणाल्या. फ्रेमच्या कडेला बोट लावलं. “एकटाणं करतात, दिवसातून एकदाच जेवतात. एवढ्या म्हाताऱ्या झाल्या तरी सोडत नाहीत. मॅडम, शब्द बरोबर शोधला तुम्ही.”

मुलं एकेक करून बोलू लागली. उमेश आपल्या फोटोखाली उभा राहून बोलला तेव्हा दक्षाबेन मोकळ्या हसल्या आणि त्यांच्याबरोबर आलेल्या गृहस्थांनी काहीतरी टिपून घेतलं. रुचिकाने आपली तीन वाक्यं मनात पुन्हा म्हणून बघितली.

मॅडम जमनाजवळ आल्या. “मावशी, इथे उभ्या राहा, फोटोच्या बाजूला. आणि पदर जरा मागे घ्या. फोटोसारखं दिसू दे.”

जमनाने लगेच पदर मागे घेतला. जटा खांद्यावर आल्या. खुर्च्यांमधून कोणीतरी हुंकार दिला. जमनाला तो कळला नाही, की कळूनही तिने मनावर घेतला नाही, सांगता येत नाही.

रुचिका बोलली. छान बोलली. पहिल्या वाक्यात म्हणाली की ही बाई स्लॉव्हन्ली आहे. दुसऱ्यात म्हणाली की हिचे केस वाऱ्याने विस्कटलेले नाहीत, यात दोष वाऱ्याचा नाही. तिसऱ्यात म्हणाली की गरिबी आणि गबाळेपणा एकच नव्हेत, पाणी सगळ्यांनाच फुकट मिळतं. तिसरं वाक्य तिने रात्रभर घासून तयार केलं होतं. इंग्रजीत ते फार सुरेख वाजत होतं. प्रत्येक वाक्य संपलं की जमना मान हलवत होती, पूजा सांगणारे भटजी थांबले की यजमान हलवतो तशी.

टाळ्या झाल्या. जमनानेही वाजवल्या.

दक्षाबेन टाळी वाजवता वाजवता थांबल्या. त्या फोटोकडे बघत नव्हत्या, जमनाच्या पायांकडे बघत होत्या. मग केसांकडे. व्रत करणाऱ्याला व्रत करणारा ओळखू येतो.

“बेन,” त्या जमनाला म्हणाल्या, “केस असे कोरडे ठेवलेत. बाधा घेतलीय काय?”

नवसाला बाधा म्हणतात हे या भागात कोणालाही कळतं. “हां बेन,” जमना म्हणाली. “महालक्ष्मीची. तेल नाय, फणी नाय, पायात काय नाय. पोरीला तुमची जागा मिळेपर्यंत.”

 दक्षाबेननी पुन्हा फोटोखालचा शब्द वाचला, त्याखालचा बारीक अर्थही वाचला, आणि मॅडमकडे वळल्या.

“मग हा शब्द कसा काय, मॅडम?”

मॅडमचा चेहरा क्षणभर पांढरा झाला. मग त्या नेहमीच्या आवाजात, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, “रुचिका, तुला हे ठाऊक होतं?”

रुचिकाला प्रश्न नीट कळला. ठाऊक होतं म्हटलं तर शब्द चुकला, जाणूनबुजून चुकवला, आणि छटेचीच तर परीक्षा होती. उमेश दोन खुर्च्यांपलीकडे उभा होता. त्याने मान खाली घातली होती. मॅडम तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत तिच्यासाठी एक वाट उघडी होती.

“नाही, मॅडम. मला माहीत नव्हतं.”

जमनाने तिच्याकडे बघितलं. इंग्रजी तिला येत नव्हती, पण हे मराठीत होतं. तिची नजर रुचिकाच्या केसांवर गेली, जिथे ती काळी पिन अजून होती. मग ती दक्षाबेनकडे वळली.

“नाय, नव्हतं माहीत तिला,” जमना म्हणाली. “मी नाय सांगितलं. नवस सांगत नाय कोणाला.”

“मुलीलाही नाही?”

“नाय.”

दक्षाबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी जमनाचे चिकाने काळे झालेले हात हातात घेतले. “एवढी मोठी बाधा, अने मुलीला कळू पण दिली नाही,” त्या सोबतच्या गृहस्थांना म्हणाल्या. “हिलाच द्यायची जागा. अजून काय बघायचं?”

मग पेढे आले. दक्षाबेन जायला निघाल्या तेव्हा मॅडमना हळूच म्हणाल्या की फोटोची जागा बदला, हा बांच्या शेजारी लावा. मॅडम म्हणाल्या, “बघते हं.” गाडी गेल्यावर त्यांनी भिंतीकडे बघितलं. एका शब्दाला एक चेहरा हा त्यांचा नियम होता, आणि ‘ऑस्टीअर’ची जागा भरलेली होती. त्यांनी जमनाचा फोटो भिंतीवरून काढला आणि तिच्याच हातात दिला. “घरी लावा, मावशी. आठवण.” रुचिकाला त्या म्हणाल्या, “तुझं तिसरं वाक्य फार चांगलं होतं. लिहून ठेव.”

जिन्यात उमेश भेटला. “अभिनंदन,” तो म्हणाला. तो निघून जाईल असं वाटलं, पण तो थांबला आणि जमनाच्या पाया पडला. जमना संकोचली. “अरे, मला काय. पोरीच्या डोक्यानं मिळाली.”

परतीच्या जीपमध्ये गर्दी होती. फोटो जमनाने मांडीवर उभा धरला होता, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे समोरच्यांना दिसत होता. समोर एक शाळेचा मास्तर बसला होता. त्याने शब्द वाचला, जमनाकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघू लागला. रुचिकाने ते सगळं बघितलं.

“दे, मी धरते,” ती म्हणाली.

“राहू दे. मला जड नाय.”

घरी आल्यावर जमनाने खिळा शोधला आणि फोटो देवाच्या फळीशेजारी लावला. महालक्ष्मीची तसबीर, धान्याच्या देवीसाठी, कणसरीसाठी, टांगलेला भाताच्या लोंब्यांचा झुबका, आणि त्यांच्या बाजूला ती स्वतः, केस सोडलेली.

“खालची पट्टी काढते,” रुचिका म्हणाली. “कात्रीने कापून.”

“नको.”

“वाईट दिसते गं.”

“तुझा शब्द हाय तो,” जमना म्हणाली. “तुझ्या शब्दानं जागा मिळाली. राहू दे.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रुचिकाने त्यात राग शोधला, सापडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने नीट कान देऊन ऐकलं. जमना चुलीतली राख ओढत होती, भाकरी थापत होती, सुकीला जागेची बातमी ओरडून सांगत होती. मेळाव्यातलं बाकी काही तिने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

नवस फेडायचा तो पहिल्या मंगळवारी. रुचिकाने सोमवारी डहाणूच्या बाजारातून खोबऱ्याच्या तेलाची बाटली आणि लाकडी फणी आणली, आणि चुलीजवळच्या कोनाड्यात आईला दिसेल अशी ठेवली. जमनाने बघितली. “साधंच आणलंस, बरं केलंस,” म्हणाली. उद्या किती वाजता निघायचं हे रुचिकाने विचारायचं ठरवलं होतं. जेवताना ठरवलं, भांडी घासताना ठरवलं. आई स्वतःहून म्हणेल, चल, म्हणून ती वाट बघत राहिली.

पहाटे तिला जाग आली ती पत्र्याच्या डब्याच्या आवाजाने. जमना अंधारात डब्यातून मूठभर तांदूळ काढत होती, आपल्याच शेतातले. फडक्यात तांदूळ बांधले, नारळ पिशवीत टाकला. मग कोनाड्यातून बाटली आणि फणी घेतली. रुचिका गोधडीत पडून होती. डोळे मिटलेलेच ठेवले. जमना तिच्या उशाशी येऊन थांबली. थोडा वेळ थांबली. मग गोधडीचं एक टोक तिच्या उघड्या पायावर ओढून घातलं आणि बाहेर गेली.

कुडाची भिंत, सुकीचं दार हाताच्या अंतरावर. सगळं ऐकू येत होतं.

“सुके, चल. तेल घालायला माणूस पाहिजे.”

“मी?” सुकी झोपेतच बोलत होती. “माझ्या हाताचं कसं चालंल? ज्याची जागा त्याचा हात लागतो. उठव की पोरीला.”

“नको. देवळात कोण ना कोण भेटतं. ती बेन पण मुंबईवरून येते म्हणे मंगळवारची. तिनं हिला तेल घालताना बघितलं तर?”

“बघितलं तर काय झालं?”

 बाहेर कोंबडा आरवला आणि थांबला.

“तू काय तरी खोटं बोललीस तिथं,” सुकी म्हणाली. आता ती पूर्ण जागी झाली होती. “नवसाच्या अंगानं खोटं बोललीस, जमने?”

“बोलली. ते वर देवळात गेल्यावर महालक्ष्मी आईलाच सांगन. ती काय करायचं ते करंल, मला करंल.”

“आन पोरगी? ती विचारंल ना, कुठं गेल्ती म्हणून.”

“ती नाय विचारायची,” जमना म्हणाली. “तिला माहीत नाय ना.”

सुकीने दार ओढून घेतलं. पायवाट घरामागून रस्त्याला लागत होती. सुकीच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. तिच्या बाजूने चालणाऱ्या अनवाणी पावलांचा आवाज अंगण संपलं तिथेच बंद झाला, आणि दोघी चारोटीच्या रस्त्याने देवळाकडे गेल्या.